मुंडी खाली : फ्रीस्टाइल सुधारण्याच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

प्रकल्प असा: डिसेंबर संपायच्या आत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या समुद्रात किनाऱ्याला समांतर एक किलोमीटर फ्रीस्टाइल, मध्ये न थांबता, आणि बाहेर आल्यावर दोन वाक्यं धड बोलता येतील एवढा दम शिल्लक ठेवून. वेळेची अट नाही.

पोहता येतं का, तर येतं. आजोळच्या जांभ्याच्या विहिरीत पाठीला दोन सुके असोले नारळ बांधून ढकललेल्या पिढीतला मी. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे सूर, मुटके, बुडी आणि काठ गाठणं. काठ कुठूनही चार हातांवर. लांब पल्ल्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय मुंडी कायम पाण्याच्या वर, कारण कठड्यावरून कोण अंगावर उडी मारतोय याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्याच पोहण्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी तलावात उतरलो तर पन्नास मीटरला धाप लागते. शेजारच्या लेनमधली सातवीतली मुलगी दोनशे मीटर मारून वर मैत्रिणीशी गप्पा मारते. तिच्या दंडात माझ्याहून जास्त ताकद आहे असं तर म्हणता येणार नाही.

म्हणजे ताकद वाढवणं हा उपाय नव्हे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यातून जाताना होणारा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर अडथळा चौपट. दम आणि हात वाढवून याच्याशी झुंजण्यापेक्षा अंगाचा अडथळा कमी करणं स्वस्त. हे कळायला पदार्थविज्ञान लागत नाही, पण पटायला आकडे लागतात.

मोजमाप साधं ठेवतोय. २५ मीटरला किती हात पडले (दोन्ही हात मोजून) आणि किती सेकंद लागले. दोन्हींची बेरीज. पोहणारे तिला स्वोल्फ म्हणतात. नुसते हात कमी झाले आणि सेकंद तेवढेच वाढले तर ती सुधारणा नाही, आळस. आजचा हिशोब: २९ हात, ३८ सेकंद, बेरीज ६७.

रात्री उशिरापर्यंत जागून पॅरिसची शर्यत पाहिली. केटी लेडेकीने ८०० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिम्पिक सुवर्ण सलग चौथ्यांदा घेतलं. डोळे चोळत सकाळी तलावावर गेलो, त्यामुळे वरच्या आकड्यात दोनेक सेकंद झोपेचे धरायला हरकत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

भाचीने फोन वॉटरप्रूफ पिशवीत घालून व्हिडिओ काढला. दोन वरून, एक पाण्याखालून. दुपारी जेवल्यावर तो थांबवत थांबवत बघितला.

पाण्याखालचा तुकडा जेमतेम आठ सेकंदांचा आहे, पण त्यात सगळं आहे. डोकं पुढे बघतंय, कपाळ पाण्याबाहेर. मान मागे मोडलेली. त्यामुळे पाठीला बाक, कंबर खाली, आणि पाय पृष्ठभागापासून हातभर खोल. मला वाटत होतं मी आडवा पोहतोय. प्रत्यक्षात मी तिरका उभा आहे आणि अख्खी छाती-मांडी पाण्यावर ढकलतोय. श्वासाच्या वेळी तर आणखी गंमत: डोकं बाजूला वळायच्या ऐवजी वर उचललं जातं, त्याच क्षणी पुढचा हात पाणी खाली दाबतो (म्हणजे डोक्याला टेकू देतो), आणि पाय कात्रीसारखे फाकतात. एका श्वासापायी तीन ब्रेक.

भाची म्हणाली, "मामा, तू मधे मधे थांबतोस." मी थांबत नव्हतो. पण व्हिडिओत खरंच थांबल्यासारखं दिसतं.

कारण उघड आहे. फुप्फुसांत हवा, म्हणून छाती तरंगते, कंबर-मांड्या जड. तरंगण्याचा मध्य छातीकडे आणि वजनाचा मध्य बेंबीच्या आसपास, त्यामुळे पाय आपोआप खाली जातात. डोकं वर काढलं की ते चार-पाच किलो हवेत धरायचे, आणि त्याची भरपाई पाय बुडवून होते. विहिरीत हे चालून जातं. किंबहुना विहिरीत असंच पोहावं. इथे नाही.

तेव्हा क्रम ठरला: आधी श्वास, मग डोकं, मग अंगाची रेषा, मग पाय, आणि हात सगळ्यात शेवटी. तलावावर शिकवणारे सर म्हणाले, सगळ्यांना पहिल्या दिवशी हात सुधारायचे असतात. मलाही हवे होते. ठेवले बाजूला.

१८ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर एकच काम: पाण्यात श्वास सोडणं.

आजवर मी पाण्यात श्वास कोंडून ठेवायचो आणि तोंड वर आलं की आधी सोडायचो, मग घ्यायचो. दोन्ही कामं अर्ध्या सेकंदात. दोन्ही अर्धवट. गुदमरल्यासारखं होतं ते हवा कमी पडली म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. शरीराला श्वासाची तलफ त्यानेच येते. पन्नास मीटरला लागणारी माझी धाप बरीचशी न सोडलेल्या श्वासाची होती.

सराव: उथळ बाजूला कठडा धरून, तोंड पाण्यात, नाका-तोंडातून संथ बुडबुडे. "हूऽऽऽम" असा गुणगुणल्यासारखा आवाज काढत. मग मान फिरवून तोंडाच्या कोपऱ्यातून हवा घ्यायची, परत खाली. बायका-पोरांच्या बॅचच्या वेळी हे करताना थोडं अवघडल्यासारखं होतं. पलीकडे एक आजोबा तेच करत होते, म्हणून बरं वाटलं.

मग चालता चालता, मग पोहताना. तोंड पाण्यात असेपर्यंत हवा बाहेर, तोंड बाहेर आलं की फक्त आत. एवढ्यानेच सलग अंतर पन्नासवरून दीडशेवर गेलं. हात तेच, पाय तेच. या संपूर्ण प्रकल्पात एवढ्या कमी कष्टात एवढा मोठा फायदा पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

उद्या नारळी पौर्णिमा. मांडवीला नारळ वाहायला जायचं. समुद्र अजून गढूळ आणि खवळलेला. त्यात उतरायचा विचारही दिवाळीपर्यंत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

डोकं. नजर तळाच्या काळ्या पट्ट्यावर, किंचित पुढे. पाण्याची रेषा डोक्याच्या मध्यावर. मान सैल. सर काठावरून ओरडतात, "मुंडी खाली!" आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की आता हनुवटी छातीला लागली. व्हिडिओत मात्र डोकं जेमतेम सरळ दिसतं. जे वाटतं आणि जे असतं यातलं अंतर मोठं आहे, म्हणून दर पंधरवड्याला व्हिडिओ.

श्वासाला डोकं उचलायचं नाही, फिरवायचं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. पुढे जाणारं डोकं पाण्याला ढकलतं, त्यामुळे कपाळाशी छोटी लाट उठते आणि गालाशेजारी खड्डा पडतो. तोंड त्या खड्ड्यात येतं, म्हणून पृष्ठभागाच्या पातळीखालीसुद्धा हवा मिळते. पण खड्डा पडायला वेग हवा, आणि वेग यायला डोकं खाली हवं. ज्याचं डोकं वर त्याला खड्डा नाही, म्हणून तो डोकं आणखी वर काढतो. या चक्रातून बाहेर पडायला दोन-तीन वेळा पाणी प्यावं लागतं. पिऊन झालंय.

२५ मीटर: २५ हात, ३६ सेकंद, ६१.

१५ सप्टेंबर, रविवार

७ तारखेपासून गणपती. गौरी-विसर्जनापर्यंत तलाव बंद, आणि तसंही मोदकांवर मोदक खाऊन कोण पोहणार. या काळात एकच गोष्ट केली, ती घरी.

किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारले तर मी जवळजवळ जागच्या जागी राहतो. घोटे ताठ आहेत. पाऊल मागे सरळ होत नाही, नव्वद अंशाच्या कोनात राहतं आणि पाणी पुढे ढकलतं. प्रौढपणी पोहायला लागलेल्यांची, विशेषतः पळणाऱ्यांची, ही नेहमीची अडचण. काहीजण किकबोर्डवर चक्क मागे जातात. उपाय म्हणून पायात घालायचे महागडे फिन सुचवले जातात. मी जेवणानंतर वज्रासनात बसतो. पावलांचा वरचा भाग जमिनीला टेकतो, घोटा नेमका हव्या त्या दिशेने ताणला जातो, आणि आईला वाटतं मुलगा सुधारला.

दुसरं, लाथ गुडघ्यातून नाही, कमरेतून. गुडघा किंचित वाकतो, पण वाकवायचा नाही. पाणी फोडायचं नाही, ढवळायचं. लांब पल्ल्याला पाय पुढे ढकलण्यासाठी नसतातच मुळी. ते अंग वर आणि सरळ ठेवण्यासाठी असतात. मांडीचे स्नायू सगळ्यात जास्त प्राणवायू खातात, म्हणून लांब पोहणारे बरेच जण हातांच्या एका फेरीला दोनच लाथा मारतात. कमी अंतराच्या शर्यती पोहणारे सहा. मला दोनची सवय करायची आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

कुशीवर पोहणं. एक हात पुढे, एक हात मांडीशी, अंग अर्धं वळलेलं, तोंड खाली, सहा लाथा, मग कूस बदल. हे ड्रिल मला मनापासून आवडत नाही. नाकात पाणी जातं, लेन सोडून दोरीला धडकतो. पण अंग फिरायला लागल्यावर दोन गोष्टी बदलल्या: श्वासाला मान वेगळी फिरवावी लागत नाही, अंगाबरोबर तोंड आपोआप बाहेर येतं, आणि हात पुढे जाताना खांदा मोकळा होतो. सपाट पोहणाऱ्याला दोन्हीसाठी मान आणि खांदा मोडावा लागतो.

जास्त फिरणंही वाईट. एका बाजूला पूर्ण कूस झाली की पाय तोल सावरायला फाकतात. पस्तीस-चाळीस अंश पुरे.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा, आज परीक्षा. ४०० मीटर एकदा पूर्ण वेगाने, मग नीट विश्रांती, मग २०० मीटर. दोन वेळांतली वजाबाकी करून अर्धी केली की दम न तुटता दर शंभर मीटरला किती वेळ टिकवता येईल त्याचा अंदाज मिळतो.

४०० मीटर : १० मिनिटं ४० सेकंद
२०० मीटर : ५ मिनिटं ४ सेकंद
फरक ५:३६, म्हणजे शंभराला २ मिनिटं ४८ सेकंद.

कासव आहे. पण ऑगस्टमध्ये चारशे मीटर ही गोष्टच नव्हती, तेव्हा तुलनेला जुना आकडा नाही. यापुढे याच्याशी तुलना.

२० ऑक्टोबर, रविवार

उजवा खांदा दुखतोय. पोहून झाल्यावर शर्ट काढताना कळ येते.

व्हिडिओत बघितलं: उजवा हात पाण्यात जाताना अंगठा आधी, तळहात बाहेर वळलेला, आणि हात डोक्याच्या मध्यरेषेच्या पलीकडे जातो. दर फेरीला खांद्याच्या सांध्यात स्नायूची दोरी चिमटली जाते. अंगठा आधी घाला असं जुन्या शिक्षकांनी शिकवलेलं असतं. आजचे बहुतेक प्रशिक्षक तसं सांगत नाहीत, आणि खांदा ज्याचा आहे त्यानेही ऐकू नये.

बदल: बोटं आधी, तळहात खाली, हात खांद्याच्या रेषेत. मला तो फार रुंद पडतोय असं वाटतं, बरोबर पडतो. जोडीला रबरी पट्ट्याने मागे ओढायचे व्यायाम, आणि आठवडाभर फक्त पाय व श्वास. दुखणं कमी झाल्याशिवाय अंतर वाढवायचं नाही. पोहून खांदा घालवलेली माणसं ओळखीत आहेत, त्यांची पाळी ओढवून घ्यायची नाही.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

सकाळी ताईकडे ओवाळून घेतलं, फराळ टाळता टाळता खाल्ला, आणि संध्याकाळी भाट्याला नुसता पाण्याची पाहणी करायला गेलो. तिथे होडीला डांबर लावत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांशी गाठ पडली. त्यांनी मला उथळ पाण्यात हात मारताना बघितलं होतं.

"पवायला शिकतोस काय?"

"येतं काका, पण नीट येत नाही."

"ते दिसला. हात पाण्यात घालतोस नि लगेच मागं फेकतोस. अरे, वल्ह्याची कड मारून होडी जाते काय? पातं आधी पाण्यात बसव. पातं बसला की पाणी थयच रवता, होडी पुढं जाते."

तलावातले सर गेले दोन आठवडे 'कॅच' म्हणून जे समजावत होते ते हेच. हात पुढे लांब गेल्यावर लगेच ओढायचा नाही. आधी बोटं खाली, मनगट सरळ, कोपर वर तसंच, म्हणजे तळव्यापासून कोपरापर्यंतचा अख्खा भाग मागच्या दिशेला तोंड करतो. मग ओढ. कोपर खाली पडलं की तळवा पाणी खाली दाबतो, अंग वर उचललं जातं, पुढे काही जात नाही. चांगल्या पोहणाऱ्याचा हात पाण्यात शिरतो जवळपास तिथूनच बाहेर येतो. हात मागे जात नाही, अंग हाताच्या पुढून निघून जातं. काकांनी हे एका वाक्यात सांगितलं.

यासाठी मुठी वळून पोहण्याचं ड्रिल. तळवा काढून घेतला की पाणी पकडायला फक्त पुढचा हात उरतो, आणि कोपर आपोआप वर राहायला शिकतं. चार लेंथ मुठीने, मग मुठी उघडून दोन. उघडल्यावर हात भलतेच मोठे वाटतात.

पाण्याखाली हात इंग्रजी एस आकारात फिरवायचा ही १९७०च्या दशकातली शिकवण. मार्क स्पिट्झने १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णं घेतली, त्याचे प्रशिक्षक कौन्सिलमन पाण्याखालून चित्रण करून हातांचा मार्ग अभ्यासत. पुढे अंगाचं फिरणं लक्षात घेऊन बघितलं तर त्या वळणांपैकी बरंचसं अंग फिरण्यामुळेच आलेलं. मुद्दाम काढायची गरज नाही. मी सरळ मागे ओढतो.

जाता जाता काकांना भरतीचं विचारलं. म्हणाले, तिथीची पाऊणपट कर. म्हणजे तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, आलेल्या तासाला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य. आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी, ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा नवख्याने उतरू नये. मी घरी येऊन छापील तक्त्याशी ताडून पाहिलं, अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बसतं. तक्ता बघायचाच, पण बेत आखायला पाऊणपट पुरते.

१० नोव्हेंबर, रविवार (कार्तिक शुद्ध नवमी)

पहिल्यांदा समुद्रात. नियम आधी लिहून ठेवतो. एकटं नाही. कमरेला नारिंगी बोया, डोक्याला भडक टोपी. खाडीच्या तोंडापासून लांब, कारण काजळी नदीचं पाणी ओहोटीला तिथून जोरात बाहेर जातं. आपण झरी विनायकाच्या देवळाकडच्या बाजूला. खोलीला छातीच्या वर नाही. पूर्ण भरतीच्या आसपास उतरायचं आणि ओहोटी जोर धरायच्या आत बाहेर. आणि कधी पाण्याने आत ओढलंच तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं.

सकाळी सातच्या सुमारास पाणी गुळगुळीत. या दिवसांत पहाटेचे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, म्हणून किनाऱ्याजवळ लाट बसलेली असते. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की संपलं.

खाऱ्या पाण्यात पाय वर राहतात. गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास जड, आणि तेवढंही जाणवतं. ऑगस्टपासून ज्या पायांशी भांडतोय ते इथे फुकट तरंगले. बाकी सगळंच अवघड. तळाला पट्टी नाही, भिंत नाही, अंतर कळत नाही. किनाऱ्याच्या दिशेने वाकडा जात होतो, दोनदा गुडघे वाळूला लागले.

दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला. मी श्वास उजवीकडून घेतो. म्हणजे दर श्वासाला तोंड येणाऱ्या लाटेकडे. खारं पाणी पिऊन पोट बिघडवायचं नसेल तर डावी बाजू शिकणं आलं. तलावात दोन्ही बाजूंनी श्वास घ्या असं सांगतात तेव्हा ते कवायत म्हणून वाटायचं. इथे त्याचं कारण समोर आहे, तेही नाकात.

२४ नोव्हेंबर, रविवार (कार्तिक वद्य नवमी)

आज थोडी सळसळ होती. वारा नव्हता पण बाहेरून लांब लाटा येत होत्या. तलावात जे पोहणं शिकलो ते इथे मोडून पडलं, आणि हे जरा सविस्तर लिहायला हवं.

तलावात मला सगळ्यांनी एकच सांगितलं: लांब जा, हात पुढे ठेवून सरक, हात कमी मार. त्याने माझा आकडा २९ वरून २१ वर आला आणि ते खरंच आवश्यक होतं, नाहीतर रेषा कधीच लागली नसती. पण सरकण्याच्या त्या क्षणात अंगाला पुढे नेणारं काहीच चालू नसतं. शांत पाण्यात हे खपतं. लाटेत तो क्षण लाटेच्या मालकीचा. ती अंगाला थांबवते, तिरकं करते, पाय ओढते. मग पुढच्या हाताने पुन्हा शून्यापासून सुरुवात. प्रत्येक हाताला नव्याने गाडी सुरू केल्याचा खर्च.

सोबतीला उतरलेला मित्र माझ्याशेजारून गेला. त्याचा स्ट्रोक तलावात बघवत नाही. आखूड, भराभर, कोपर तुटल्यासारखं. समुद्रात तो मला मागे टाकतो. कारण त्याचे हात एकमेकांत गुंतलेले: एक सोडायच्या आधी दुसऱ्याने पाणी पकडलेलं असतं. खुल्या पाण्यात पोहणारे अनुभवी लोक मिनिटाला जास्त हात मारतात ते घाईने नव्हे.

म्हणून आता मिनिटाला बेचाळीस हातांवरून पन्नासच्या पुढे जायचं, आणि तरीही कॅच सोडायचा नाही. हात पुढे थांबवायचा नाही, पुढे गेला की बोटं खाली. लांबी जी मिळेल ती अंग फिरण्यातून. तलावातल्या सरांना हे पटणार नाही. त्यांचं बरोबर आहे, त्यांचा तलाव २५ मीटरचा आहे. पण प्रौढांना पोहणं शिकवताना 'हात जितके कमी तितकं चांगलं' हे जे सरसकट सांगितलं जातं ते समुद्रकाठच्या माणसाला अर्धंच सांगितलेलं असतं.

८ डिसेंबर, रविवार

तलावात परत परीक्षा.

४०० मीटर : ९ मिनिटं ३६ सेकंद
२०० मीटर : ४ मिनिटं ४० सेकंद
फरक ४:५६, शंभराला २ मिनिटं २८ सेकंद.

ऑक्टोबरपेक्षा शंभराला वीस सेकंद कमी. २५ मीटरला हात आता २३, सेकंद ३२, बेरीज ५५. हात २१ वरून २३ झाले आणि तरी बेरीज उतरली, यावरून गेल्या नोंदीतल्या वादाचा माझ्यापुरता निकाल लागला. सरांना आकडा दाखवला. ते "हं" म्हणाले.

१५ डिसेंबर, रविवार (मार्गशीर्ष पौर्णिमा)

उधाण. दुपारी भरती, सकाळी पाणी लांबवर गेलेलं. समुद्र नाही. तलावात पुढे बघायचा सराव: पुढचा हात पाण्यात बसत असतानाच डोळे फक्त पाण्याच्या वर, गॉगल निघाला की पुरे, हनुवटी आत, नजर टाकायची आणि लगेच मान वळवून श्वास. वर बघणं आणि श्वास घेणं एकाच उचलीत करायचं नाही, नाहीतर पुन्हा विहीर सुरू. दर आठ-दहा हातांना एकदा. दरवेळी दिसेलच असं नाही. लाटेच्या खोलगटात असलो तर फक्त पाणी दिसतं, तेव्हा दोन हात मारून पुन्हा बघायचं, शोधत राहायचं नाही.

चिवल्याला, मालवणात, डिसेंबरमध्ये समुद्री पोहण्याची स्पर्धा असते. मित्र म्हणतो नाव घाल. आधी भाट्ये.

२५ डिसेंबर, बुधवार (मार्गशीर्ष वद्य दशमी)

नाताळची सुट्टी, दशमी, पाऊणपटीने साडेसातला भरती. सुरुबनासमोरून सात वाजून वीस मिनिटांनी उतरलो. मित्र सोबत पाण्यात, भाची किनाऱ्यावरून चालत, हातात शिट्टी. मानेला व काखेत व्हॅसलीन, मागच्या वेळी मीठ आणि पोशाखाच्या शिवणीने सोलून निघालं होतं.

पाचशे मीटर दक्षिणेला, देवळाकडच्या टेकाडावर नजर ठेवून. श्वास डावीकडून. उगवतीचा सूर्य सरळ डोळ्यांत, पण तोंडात पाणी नाही, तेव्हा सौदा बरा. पहिली दोनशे मीटर धाप होती. थंड पाणी, धडधड, श्वास तोडून तोडून. हात सावकाश केले नाहीत, फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष दिलं, "हूऽऽऽम", आणि तिसऱ्या शंभरात सगळं जागेवर आलं. पायाला काहीतरी बुळबुळीत लागलं. जेलीफिश असेल, प्लास्टिकही असेल. पाहिलं नाही.

परतीला उत्तरेकडे, समोर रत्नदुर्गाचा दीपगृहाचा मनोरा. किनारा उजवीकडे, श्वास माझ्या सवयीच्या बाजूचा. इथे मजा आली. हात आपोआप पडत होते, पुढचा पाण्यात बसला की मागचा सुटत होता. शेवटच्या दोनशेत कोपर पडायला लागलं हे कळत होतं, कारण प्रत्येक हाताला अंग वर उचललं जात होतं. मुठी वळून दहा हात मारले, उघडल्या, पुन्हा लागलं. दमलेल्या हाताला आठवण करून द्यायला हे ड्रिल पाण्यातच वापरता येतं, हे आज समजलं.

वेळ २६ मिनिटं ५० सेकंद, मित्राच्या घड्याळाने. घड्याळाने अंतर एक किलोमीटर चाळीस मीटर दाखवलं. वाकडं गेल्याचे चाळीस. बाहेर आल्यावर भाची काहीतरी विचारत होती आणि मी उत्तर देत होतो.

उरलेलं काम: डावीकडून श्वास घेताना उजवा हात अजूनही मध्यरेषा ओलांडतो, व्हिडिओत स्पष्ट दिसतं, आणि रात्री खांदा थोडा बोलला. जानेवारीत अंतर वाढवायचं नाही. तलावात डावा श्वास, रबरी पट्टा, आणि शंभराला अडीच मिनिटांच्या चालीने लहान तुकडे. पुढचा भांग पौष शुद्ध अष्टमीला, ७ जानेवारी. मंगळवार आहे, ऑफिसला उशीर होईल.